सीसीएनए रिन्यू करायचंय : तीच परीक्षा पुन्हा की वरची?

कोकणातल्या, भिवंडी-मालेगावच्या अनेक घरांत सिस्कोचं सीसीएनए सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं दिसतं. मुलगा दुबई-दोह्याला नेटवर्कच्या कामावर लागला, त्याची ती पहिली पायरी. पण हे सर्टिफिकेट दहावीच्या मार्कशीटसारखं जन्मभराचं नसतं. ते ३ वर्षं चालतं आणि मुदत संपली की संपलं. सवलतीचे दिवस वगैरे काही नाहीत. कंपनीचा एचआर ऑनलाइन तपासतो, तेव्हा त्याला चालू आहे की नाही एवढंच दिसतं. म्हणून रिन्यूअलची परीक्षा निवडताना काय बघावं, ते इथे सांगतो.

पहिला गैरसमज असा, की रिन्यू करायला तीच परीक्षा पुन्हा द्यावी लागते. तसं नाही. मुदत चालू असताना सिस्कोची असोसिएट पातळीची कुठलीही एक परीक्षा, नाहीतर प्रोफेशनल पातळीची कोअर किंवा कॉन्सन्ट्रेशन परीक्षा पास झालात, तर सीसीएनए आपोआप रिन्यू होतं. नवी ३ वर्षं पास झालेल्या तारखेपासून मोजली जातात. म्हणून फार लवकर देऊन जुन्या मुदतीतले महिने वाया घालवू नयेत.

आता खर्चाचं बघू. सीसीएनएची २००-३०१ ही परीक्षा ३०० डॉलरची, एन्कोर नावाची ३५०-४०१ ही कोअर परीक्षा ४०० डॉलरची. कर वेगळा. दोन्हींना वेळ १२० मिनिटं. म्हणजे फरक १०० डॉलरचा. पण २००-३०१ पुन्हा देऊन हातात तेच राहतं जे आधी होतं. एन्कोर पास झालात तर सीसीएनए रिन्यू होतं, एंटरप्राइझ कोअरचं स्पेशालिस्ट सर्टिफिकेट मिळतं आणि सीसीएनपीचा अर्धा रस्ता पार होतो. पुढच्या ३ वर्षांत एनार्सीसारखी एक कॉन्सन्ट्रेशन परीक्षा दिली की सीसीएनपी पूर्ण. हातात वेळ असेल आणि रोजचं काम राउटिंग-स्विचिंगचंच असेल, तर आम्ही एन्कोरच द्या म्हणू.

मात्र हातात वेळ असेल तरच. एन्कोरचा अभ्यास सीसीएनएपेक्षा बराच खोल आहे. इन्फ्रास्ट्रक्चर ३० टक्के, सिक्युरिटी २० टक्के, शिवाय ऑटोमेशन, आर्किटेक्चर, व्हर्च्युअलायझेशन. नोकरी करून, शिफ्ट सांभाळून याला सहा महिने तरी धरावेत, असा आमचा अंदाज. समजा, दोह्यात काम करणाऱ्या एका मुलाच्या सीसीएनएला सहा आठवडे उरलेत आणि मित्रांनी सांगितलं म्हणून त्याने एन्कोर बुक केली. नापास झाला, तर ५ दिवस थांबून पुन्हा पूर्ण फी भरायची. तेवढ्यात तारीख उलटली, तर नंतर एन्कोर पास होऊनसुद्धा सीसीएनए परत येत नाही, त्यासाठी २००-३०१ नव्याने द्यावी लागते. अशा वेळी मुकाट्याने २००-३०१ द्यावी, त्यात कमीपणा नाही. तीसुद्धा जुनीच समजून जाऊ नये. २०२४ च्या ऑगस्टपासून तिच्या अभ्यासक्रमात एआय आणि मशीन लर्निंगची तोंडओळख आली आहे.

ज्याला फील्ड बदलायचंय त्याचं गणित निराळं. सिक्युरिटी मॉनिटरिंगकडे जायचं असेल, तर सायबर सिक्युरिटीची २००-२०१ घ्यावी. तीही असोसिएट पातळीची आहे, तिनेही सीसीएनए रिन्यू होतं, वर नवीन सर्टिफिकेट मिळतं. फायरवॉलवर आधीच हात बसलेला असेल, तर ३५०-७०१ ही सिक्युरिटीची कोअर परीक्षा बघावी. निवड करताना सोपी कुठली हे विचारण्याऐवजी पुढची नोकरी कुठली हवी हे आधी ठरवा. हव्या त्या पदाच्या दहा जाहिराती वाचल्यात तरी उत्तर मिळतं.

परीक्षा न देताही रिन्यू होतं, हे फार जणांना ठाऊकच नसतं. मुदतीच्या आत ३० सीई क्रेडिट जमवली की सीसीएनए पुढे चालू राहतं. सिस्को मधूनमधून ठरावीक काळासाठी क्रेडिट देणारे मोफत कोर्स उघडते. परीक्षेची धास्ती वाटते त्याने त्यांच्यावर नजर ठेवावी. फक्त हे काम शेवटच्या आठवड्यात होत नाही.

मग नावाची भानगड. आपल्याकडे ही हमखास होते. पासपोर्टवर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मोहं.’, कुठे वडिलांचं नाव जोडलेलं, कुठे आडनावच नाही. परीक्षेच्या नोंदणीतलं नाव आणि दाखवायच्या ओळखपत्रावरचं नाव जुळायला हवं, नाहीतर सेंटरवरून परत पाठवतात आणि फी बुडू शकते. दुसरं, जुना ईमेल विसरला म्हणून नवं खातं उघडू नका. रिन्यूअल तुमच्या सिस्को आयडीवर नोंदलं जातं. दोन खाती झाली, तर पास होऊनही जुनं सर्टिफिकेट तसंच संपून जाईल. आधी सपोर्टला कळवून खाती एक करून घ्या.

घरून ऑनलाइन देण्याची सोय आहे, पण भरल्या घरात ती अवघड. खोलीत दुसरं कुणी आलेलं चालत नाही, प्रश्न मोठ्याने वाचलेला चालत नाही. दार ढकलून नातू आत आला तरी परीक्षा बंद होऊ शकते. जवळपास पिअरसन व्ह्यूचं सेंटर असेल तर तिथेच जावं.

आणि बाजारात मिळणारे ‘डंप’ घेऊ नका. पकडलं गेलं तर निकालाबरोबर आधीची सर्टिफिकेटंही जाऊ शकतात. शिवाय अशा कमाईबद्दल घरातले मोठे काय म्हणतील, ते आम्ही वेगळं सांगायला नको.

इतर कंपन्यांचे नियम वेगळे आहेत. मायक्रोसॉफ्टची असोसिएट सर्टिफिकेटं दर वर्षी रिन्यू करावी लागतात, पण ती ऑनलाइन चाचणी मोफत असते आणि मुदत संपायच्या ६ महिने आधीपासून देता येते. तिथे पैसे मागणारा एजंट भेटला तर सरळ नाही म्हणा. कॉम्पटियाच्या सिक्युरिटी प्लसला ३ वर्षांत ५० क्रेडिट लागतात, नेटवर्क प्लसला ३०.

ज्यांची तारीख उलटून गेली त्यांनी हातपाय गाळू नयेत. सीसीएनपीसाठी चालू सीसीएनए असण्याची अट नाही. थेट एन्कोरचा अभ्यास सुरू करता येतो, फक्त तोवर बायोडेटात सीसीएनए चालू आहे असं लिहू नये. आणि ज्यांनी वेळेत रिन्यू केलं त्यांनी निकालानंतर काही दिवसांनी खात्यात नवी तारीख चढली का ते बघावं, मगच स्कोअर रिपोर्ट फाइलला लावावा.