वऱ्हाडचा माल, नागपूरची डिलिव्हरी

नागपूरच्या अजब बंगल्यात लोक पेंढा भरलेली जनावरं पाहायला जातात. लेकरं तिथून हलत नाहीत. मोठी माणसं तलवारींपाशी घडीभर थांबतात आणि मग बाहेर चहाला जातात. मी मात्र काचेआडच्या चिठ्ठ्या वाचत फिरतो. वस्तू काय आहे हे नंतर, ती निघाली कुठून ते आधी. ही खोड बडनेऱ्याच्या पार्सल ऑफिसातली. नगावर मार्का हवा, मूळ स्टेशन हवं, पोचतं स्टेशन हवं. मूळ स्टेशनच नसेल तर नग कितीही भारी असो, तो बेवारस. संग्रहालयात असे बेवारस नग पुष्कळ भेटतात. ‘पाषाणमूर्ती, विदर्भ’ एवढीच चिठ्ठी. अहो, विदर्भ हे काय स्टेशन झालं?

आमच्या बडनेऱ्यात संग्रहालय नाही, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. हे गाव माल ठेवून घेण्यासाठी नव्हतंच, पुढं धाडण्यासाठी होतं. तसं गाव जुनं. गॅझेटिअरात त्याचं नाव ‘बडनेरा बीबी’ असं सापडतं. वऱ्हाडच्या इमादशाहीतली दौलतशाह बेगम अहमदनगरच्या हुसेन निजामशहाला दिली, तेव्हा बडनेरा तिच्या आंदणात गेलं. म्हणजे आम्ही पहिल्यांदा पाठवले गेलो ते असे, गावासकट! जुन्या वस्तीतल्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक आहे, आणि नव्या वस्तीत कोणाला सांगितलं तर ते हसतात.

नवी वस्ती उभी राहिली ती रुळांमुळं, आणि रूळ आले ते कापसापायी. 1853 मध्ये निजामानं कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढं 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर आली. 1867 मध्ये जीआयपी रेल्वेची गाडी थेट नागपूरला पोचली. मग फाटे निघाले. जलंबहून खामगावला एक, त्यासाठी 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला. आणि बडनेऱ्याहून अमरावतीला दुसरा, जेमतेम सहा मैलांचा. गठाणी मुंबईकडे, पैसा इकडे.

या धामधुमीत एक साहेब होता, हॅरी रिव्हेट-कार्नॅक. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर. पऱ्हाटी कशी उभी आहे, बाजार कुठं भरतो, गठाण कशी बांधली जाते, सगळ्याचे अहवाल तो लिहायचा. पण त्याला दुसराही नाद होता, जुन्या वस्तूंचा. नागपूरजवळ काटोल रस्त्यावर जुनापाणीला दगडांची वर्तुळं आहेत, हजारो वर्षांपूर्वीची दफनं. ती त्यानं उकरली. लोखंडी कुऱ्हाडी निघाल्या, खंजीर निघाले, घोड्याचे लगाम निघाले. त्याबद्दलचा त्याचा लेख 1879 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेल्या. कापूस आणि कुऱ्हाडी, एकाच माणसाच्या नजरेखालून, एकाच दिशेनं. मला या माणसाचा राग येत नाही, खरं सांगतो. त्यानं जुनापाणीचं नाव लिहून ठेवलं. मूळ स्टेशन कोरं ठेवणारे आपले लोक मला जास्त खटकतात.

अजब बंगला त्याच्याही आधीचा, 1863 चा. तेव्हा वऱ्हाडचा त्याच्याशी संबंध नव्हता, आम्ही कागदोपत्री हैदराबादचे. 1902 मध्ये वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाखांच्या कायमच्या पट्ट्यावर गेला आणि 1903 पासून मध्य प्रांताला जोडला गेला. तेव्हापासून आमचं पोचतं स्टेशन नागपूर. शेतात काही निघालं की पाटील, तहसील, डिप्टी कमिशनर आणि मग नागपूर. 1939 मध्ये मंगरूळपीरजवळ तऱ्हाळ्याला सातवाहनांची नाणी निघाली, दीड हजारांच्या वर. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैनीचं चिन्ह. ती वाचली नागपूरच्या मॉरिस कॉलेजातल्या वा. वि. मिराशींनी. पुराणांच्या यादीत नसलेले राजे त्यांना त्यात सापडले : कुंभ, कर्ण, शक. तऱ्हाळ्याच्या मातीनं सातवाहनांच्या वंशावळीत भर घातली. आज तऱ्हाळा म्हटलं की नाण्यांचे अभ्यासक कान टवकारतात, मंगरूळच्या एसटीत बसलेला माणूस नाही.

माझा सगळ्यात लाडका नग मात्र अचलपूरजवळच्या चमक गावचा ताम्रपट. 1868 च्या सुमारास नांगरताना तो वर आला. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन यानं हे गाव, तेव्हाचं चर्मांक, राजाच्या मापानं आठ हजार भूमी, एक हजार ब्राह्मणांना दिलं. भोजकट राज्यात, मधुनदीच्या काठी. पुराभिलेखांचा अभ्यासक फ्लीट यानं तो वाचला आणि 1888 मध्ये कलकत्त्यात छापला. आता माझ्यातला बाबू बोलतो : बिल्टीवर हजार माणसं, आणि नावं मोजली तर एकोणपन्नास! बाकीचे कुठं गेले, की उरल्यांची यादी पाठोपाठ यायची होती? त्याहून भारी त्यातल्या अटी आहेत. दान चालू राहील, पण राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी नाही, परदारा नाही, लढाई करायची नाही, दुसऱ्या गावांना त्रास द्यायचा नाही. पाचव्या शतकातला सरकारी कागद, आणि आजच्या मंजुरीपत्रासारख्या खाली अटी व शर्ती. मिराशींच्या मते भोजकट म्हणजे आमची भातकुली. बडनेऱ्याचा माणूस तिथं सोयरिकीला आणि बाजाराला जातो, राजधानी म्हणून कोणी जात नाही.

भातकुलीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला हे सांगत होतो. त्याला प्रवरसेनात रस नव्हता.

“बाबूजी, वावरात काही निघालं तं कोनाले सांगाव? आन् आमाले काय भेटन?”

रास्त प्रश्न. 1878 चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत पुरलेलं धन दहा रुपयांच्या वरचं असेल तर कलेक्टरला कळवायचं. शंभर वर्षांच्या आतलं नसेल आणि मालक कोणी उभा राहिला नाही, तर शोधणाऱ्याला बारा आणे, जमीनमालकाला चार आणे. दोघांचं आपसात काही ठरलं असेल तर गोष्ट वेगळी. सरकारनं ठेवून घ्यायचं ठरवलं तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा.

“दहा रुपयात तं चहाबी येत नाही आता. म्हंजे सारंच सांगा लागन.”

“आणि खापरं?” मी विचारलं.

खापराला दहा रुपयेही कोण देणार? म्हणून ती कोणी कळवत नाही. पण 1960 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मो. ग. दीक्षितांनी वर्धेकाठी कौंडिण्यपूरला उत्खनन केलं, तेव्हा थरांचा उलगडा करायला खापरंच कामी आली. कुठल्या थरात कुठलं भांडं, त्यावरून वस्तीचं वय. आमच्याकडं मात्र गढीची पांढरी माती गाड्या भरभरून नेतात, भिंतीला, धाब्याला, वावरात टाकायला. थरही गेले आणि खापरंही.

“आमच्या धुऱ्यावर ढीग हाय तसा,” तो म्हणाला. “काया, लाल. वखर अटकते म्हनून फेकले. येता का पाहाले?”

जायचं ठरलंय. फक्त त्याला म्हटलं, आधी सातबारा काढून आण. गट नंबर पक्का पाहिजे.