यंत्राआधीं माणूस

कचेरींत नवें यंत्र आलें म्हणजे तें कोणी शिकावें, कोणी शिकवावें आणि शिकण्याचा वेळ कोणाचा, हे प्रश्न त्याच्याबरोबरच येतात. आपल्या बँकांचा इतिहास ह्या बाबतींत बोधप्रद आहे.

पूर्वीं शाखांतील खतावण्या हातानें लिहिल्या जात. संगणक आला तर कारकुनांचें काय होणार, ही भीति खरी होती आणि संघटनांचा विरोधहि तीव्र होता. १९८३ सालीं बँका व कर्मचारी संघटना यांच्यांत करार होऊन यंत्रीकरणाच्या मर्यादा ठरल्या. १९८४ सालीं रिझर्व्ह बँकेनें नेमलेल्या डॉ. रंगराजन समितीनें पुढील आराखडा मांडला. मग शाखांतून खतावणीचीं यंत्रें बसलीं. तीं चालविण्यास मुख्यतः बँकेंतीलच कारकून तयार करण्यांत आले व त्यांस विशेष भत्ता मिळाला. जमाखर्च त्यांच्या हाडींमासीं होता. शिकावयाचा होता तो केवळ कळफलक.

पुढें मात्र निराळें घडलें. २०००-०१ सालीं सार्वजनिक बँकांनीं स्वेच्छानिवृत्ति योजना आणली. वयाचीं ४० किंवा नोकरीचीं १५ वर्षें पुरी झालेले तींस पात्र होते. सुमारें एक लक्ष सेवक घरीं गेले. सारेच कांहीं यंत्रामुळें गेले नाहींत. परंतु त्यांच्याबरोबर अनुभवाचा केवढा ठेवा गेला!

२०२४ सालीं भारत सरकारनें कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं दहा हजार कोटींहून अधिक रुपयांची योजना मंजूर केली. तिच्यांत शिक्षणाचाहि भाग आहे. तें शिक्षण पन्नाशींतल्या कारकुनापर्यंत, आणि तेंहि कचेरीच्या वेळांत, पोंचलें पाहिजे.