शिकविणाऱ्याची परीक्षा : एका पद्धतीचा इतिहास

गेल्या दिवाळीत आमचे एक जुने विद्यार्थी भेटीस आले. चाकणच्या एका कारखान्यात ते सुपरवायझर आहेत. बोलता बोलता त्यांनी खिशातून एक लहानसे कार्ड काढून आमच्या हाती दिले. कामगारास काम कसे शिकवावे ह्याच्या चार पायऱ्या त्यावर छापिल्या होत्या : शिकणाऱ्याच्या मनाची तयारी करावी, काम करून दाखवावे, त्याच्याकडून करवून घ्यावे, आणि मग त्यास एकट्याने करू देऊन मधून मधून पाहत राहावे. आम्हांस हसू आले. अध्यापक विद्यालयात हर्बार्टची पंचपदी घोकून ज्याने शेकडो पाठटाचणे लिहिली, त्या मास्तरास ह्यात नवे ते काय वाटावे? परंतु कार्डाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. कामगार शिकला नसेल, तर शिकविणाऱ्याने शिकविलेच नाही असे समजावे, असा तिचा आशय होता. हे गृहस्थ नववीत असताना, त्यांच्या डोक्यात काही शिरावयाचे नाही, असे आम्ही भर वर्गात बोललो होतो. त्यांनी ती आठवण काढिली नाही. आम्हांस मात्र ती झाली, आणि ह्या कार्डाचा इतिहास शोधावा असे मनाने घेतले.

हा इतिहास अमेरिकेतला आहे. पहिल्या महायुद्धात तेथे जहाजे बांधण्याची निकड पडली आणि गोद्यांत कारागीर पुरेनात. तेव्हा चार्ल्स ॲलन नावाच्या धंदेशिक्षणातील जाणत्या गृहस्थाने गोदीतील निष्णात कारागिरांनाच शिक्षक बनविण्याचे काम हाती घेतले. हाताला काम येते म्हणून ते शिकविता येतेच असे नाही, हे त्याने ओळखिले होते. त्याच्या चार पायऱ्या १९१९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्या पाहून हर्बार्टचे घराणे कोणीही मास्तर ओळखील.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९४० साली, तीच अडचण पुन्हा उभी राहिली. ह्या वेळी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची सरकारी योजना निघाली. तिचे प्रमुख चॅनिंग डूली हे एका तेल कंपनीतून आले होते, तर त्यांचे सहकारी वॉल्टर डीट्झ हे टेलिफोनची यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यातून. म्हणजे शिक्षणखात्याची माणसे न नेमता, कारखानदारांनी आपलीच अनुभवी माणसे देशकार्यासाठी दिली. आरंभीच दुर्बिणींची भिंगे घासणाऱ्यांचा तुटवडा पुढे आला. हे काम शिकावयास वर्षे लागत. योजनेच्या लोकांनी त्याचे लहान लहान भाग पाडिले. जे खरोखर अवघड ते जुन्या कारागिरांकडे ठेविले, आणि बाकीचे नवख्यांस थोड्या अवधीत शिकविले.

पुढे मुकादमांसाठी दहा तासांचा वर्ग आखण्यात आला. रोज दोन तास, असे पाच दिवस, आणि एका वर्गात दहाच माणसे. त्यातील एक प्रयोग आम्हांस फार आवडला. विजेच्या तारेला एक विशिष्ट गाठ मारावयाची असे. शिक्षक ती आधी नुसत्या तोंडाने सांगे. कोणालाच जमत नसे. मग न बोलता करून दाखवी. तरीही जमत नसे. शेवटी पायरीपायरीने, प्रत्येक ठिकाणची मेख सांगून आणि ती तशीच का करावयाची हे समजावून शिकवी, तेव्हा गाठ बसे. तोवर दहाही मुकादमांच्या ध्यानी आलेले असे की, ज्या पोरांना आपण मठ्ठ म्हणत होतो त्यांचा दोष नव्हता. १९४५ साली योजना बंद झाली, तोपर्यंत १६ हजारांहून अधिक कारखान्यांत साडेसतरा लाख माणसांनी हे धडे घेतले होते.

युद्ध संपताच अमेरिकेला ह्या पद्धतीचा विसर पडला. घरच्या विहिरीचे पाणी घरच्यांस गोड लागत नाही, तशातला प्रकार! युद्धात बेचिराख झालेल्या जपानने मात्र ती उचलिली. १९५१ साली लोवेल मेलन नावाचे सल्लागार मोजके सहकारी घेऊन तिकडे गेले. युद्धकाळात ओहायोत त्यांनी हेच काम केले होते. त्यांनी जपानी शिक्षक तयार केले, त्या शिक्षकांनी पुढचे. टोयोटासारख्या कारखान्यांत ही पद्धत त्याच सुमारास रुजली, आणि आमच्या विद्यार्थ्याच्या खिशातले कार्ड त्याच वाटेने फिरून चाकणला आले.

आपल्याकडे १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू होऊन आयटीआय निघाल्या. १९६१च्या कायद्याने ठराविक उद्योगांतील कारखानदारांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आले. उमेदवार घ्यावा हे कायदा सांगू शकतो. त्यास शिकवावे कोणी आणि कसे, हे शेवटी मुकादमाच्या मनावरच राहते.

आणि येथे आपल्या ज्ञातीविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. आपण रंधा, पटाशी आणि ऐरणीवर जगलेले लोक. आमच्या तीर्थरूपांच्या कारखान्यात उमेदवारीस आलेली पोरे पहिले वर्ष भाता ओढण्यात आणि चहा आणण्यात घालवीत. सांध्याची आखणी करावयाची वेळ आली की मिस्त्री पोराला पाण्याला पिटाळीत. कसब दुसऱ्याच्या हाती गेले तर आपली भाकरी जाईल, ही भीती. ती अगदीच खोटी होती असेही आम्ही म्हणणार नाही. ज्या मिस्त्रीस म्हातारपणी कोणी विचारीत नाही, त्याच्याजवळ कसबाखेरीज दुसरी पुंजी कोणती? परंतु त्या भीतीपायी किती विद्या सरणावर गेली, ह्याचा हिशेब आपल्या कोणत्याही अहवालात नाही.

ह्या वर्षी त्या विद्यार्थ्याच्या साहाय्याने आम्ही आपल्या कामांची अशी कार्डे मराठीत लिहावयास घेतली आहेत. ते मिस्त्रींस प्रश्न विचारितात, आम्ही लिहून घेतो. अकरा झाली. बैलगाडीच्या चाकाला धाव बसविण्याचे कार्ड अडले आहे. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित उणी ठेवून तापवितात, चढवितात आणि पाणी मारून आवळतात, एवढे सर्वांस ठाऊक आहे. परंतु नेमकी किती उणी ठेवावी, आणि लाकूड सुके की ओलसर ह्यावरून तो अदमास कसा बदलावा, हे सांगणारे एकच वृद्ध ज्ञातिबांधव आमच्या माहितीत उरले आहेत. त्यांस ऐकू कमी येते. पुढल्या महिन्यात पाटी-पेन्सिल घेऊन त्यांच्याकडे जावयाचे ठरविले आहे.