आगबोटीतली खोली

विलायतेला जाणाऱ्या आगबोटीचे तिकीट हाती पडले म्हणजे उतारू त्यावरचा खोलीचा क्रमांक ज्या चिकित्सेने न्याहाळीत, ती वरकरणी पोरकट वाटली तरी तिच्यामागे कित्येक पिढ्यांच्या प्रवाशांचा कष्टाने जमलेला अनुभव उभा असे. कारण खोली कोणत्या मजल्यावर, कोणत्या अंगाला आणि यंत्रापासून किती अंतरावर आहे, यावर पुढच्या सबंध प्रवासातली झोप, भूक आणि मनःस्वास्थ्य ही सर्व अवलंबून असत. आजच्या आलिशान सागरसफरींच्या जाहिरातींत ‘स्वीट’ म्हणून ज्या दालनांची वर्णने येतात, त्यांत गालिचे, संगमरवरी न्हाणीघर आणि खास तैनातीतला नोकर यांना अग्रस्थान असते. जुन्या जाणत्याने मात्र आधी जहाजाचा नकाशा मागवला असता.

आपल्याकडच्या प्रवाशांच्या ओळखीची बोट म्हणजे ‘पी. अँड ओ.’ कंपनीची. स्पेन-पोर्तुगालकडचे टपाल वाहण्याचा करार 1837 साली मिळवलेल्या या कंपनीला 1840 मध्ये राजसनद मिळून पूर्वेचा मार्ग मोकळा झाला. 1842 मध्ये तिची ‘हिंदुस्तान’ बोट केपला वळसा घालून कलकत्त्यास निघाली, आणि 1854 पासून मुंबईचे टपालही तिच्याकडे आले. म्हणजे मूळ मान टपालाच्या थैल्यांचा. माणसे त्यांच्या आश्रयाने जात. खोल्यांची मापेही त्याच हिशेबाने मुक्रर झालेली दिसतात. त्याच 1842 साली अटलांटिक ओलांडणाऱ्या चार्ल्स डिकन्सने ‘ब्रिटानिया’ बोटीवरील आपल्या खोलीची आपल्या प्रवासवृत्तात जी यथेच्छ टवाळी केली, ती वाचली म्हणजे विख्यात लेखकालाही तेव्हा कपाटाएवढ्याच जागेत दिवस काढावे लागत, हे ध्यानात येते.

शिडांच्या जहाजावर मानाची जागा पिछाडीला असे, आणि ते सयुक्तिकही होते, कारण नाळेवर फुटणाऱ्या लाटांचे तुषार तेथवर पोचत नसत. परंतु वाफेचे यंत्र आले, जहाजाच्या शेपटाखाली मळसूत्री पंखा फिरू लागला, आणि हीच मानाची जागा सर्वांत अधिक थरथरणारी ठरली. तरीही शिरस्ता म्हणून पहिल्या वर्गाचे उतारू कित्येक वर्षे निमूटपणे तेथेच राहिले. 1871 मध्ये ‘व्हाइट स्टार’ कंपनीने ‘ओशनिक’ बोटीत पहिल्या वर्गाचे दालन आणि खोल्या मध्यभागी आणल्या, गवाक्षे मोठी केली, तेव्हा कोठे हा मानापमानाचा घोळ मिटला. जहाज लाटेवर पुढे-मागे झुलते ते आपल्या मध्याभोवती. म्हणून मध्यावरच्या, आणि त्यातही पाण्याच्या पातळीजवळच्या खोलीत बोट सर्वांत कमी लागते, हा पदार्थविज्ञानाचा साधा नियम अमलात यायला इतका काळ लागावा, याचे आश्चर्य वाटते. आजही सर्वांत महागड्या खोल्या बहुधा वरच्या मजल्यांवर असतात, आणि ज्याला बोट लागते तो दामदुप्पट मोजून नेमकी हेलकाव्याची जागा विकत घेतो!

सुएझचा कालवा 1869 च्या नोव्हेंबरात खुला झाला तरी मुंबईच्या प्रवाशापुढे समुद्राहूनही मोठा प्रश्न राहिला तो तांबड्या समुद्रातील उष्म्याचा. मुंबईहून एडनकडे बोट पश्चिमेस चाले तेव्हा हिवाळ्यातले दक्षिणेकडचे ऊन तिच्या डाव्या अंगावर पडे, आणि एडन सोडून ती वायव्येस वळली की तिसऱ्या प्रहरचा सूर्यही डावीकडेच येई. यास्तव जाताना उजव्या अंगाची आणि परतताना डाव्या अंगाची खोली मागावी, हा सल्ला सर्वतोमुखी झाला होता. गवाक्षातून बाहेर पत्र्याचे पन्हळ काढून वारा आत वळवण्याची युक्ती सर्रास चाले. पण समुद्र खवळला की गवाक्षे बंद करण्याचा हुकूम सुटे, मग खोलीची भट्टी होई. अशा रात्री गाद्या डेकवर नेऊन, एका बाजूस स्त्रिया आणि दुसरीकडे पुरुष, अशी झोपण्याची तजवीज होत असे. या गवाक्षाचे माप महाराष्ट्राला निराळ्याच कारणाने परिचित आहे: 8 जुलै 1910 रोजी मार्सेय बंदरात ‘मोरिया’ बोटीच्या शौचकूपाच्या गवाक्षातून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली, ती बोटही ‘पी. अँड ओ.’चीच.

स्नानाची व्यवस्था हा स्वतंत्र अध्याय आहे. खाजगी न्हाणीघर ही चैन पुष्कळ उशिराची. तोपर्यंत प्रत्येक उतारूला वेळ नेमून दिलेली असे, ती न्हाणीघराचा गडी येऊन सांगे, आणि टब भरलेला असे खाऱ्या पाण्याने. गोडे पाणी मिळे ते टबावर आडव्या ठेवलेल्या फळीवरच्या एका पात्रात, अखेरीस अंगावर घेण्यापुरते. 1888 च्या सप्टेंबरात मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने निघालेल्या गांधींना ही खुबी कोणी सांगितली नव्हती. साबण ही सुधारणेची खूण समजून ते खाऱ्या पाण्यात साबण लावीत गेले. फेस येईना, अंग मात्र चिकट होई, आणि त्यातून गजकर्ण झाले, ते लंडनपर्यंत सोबत आले. काट्याचमच्याच्या संकोचाने ते जेवणाच्या मेजावर जात नसत, घरून आणलेली मिठाई आणि फळे खोलीत खात. नवख्याची फजिती सामानातही होई. त्यावर लावायच्या चिठ्ठ्या तीन प्रकारच्या असत: खोलीत ठेवायचे, प्रवासात लागणारे आणि न लागणारे. मधल्या वर्गाचे सामान ठरल्या वेळी कोठारातून काढून पाहता येई. उबदार कपडे तिसऱ्या वर्गात घालून बसलेला नवखा भूमध्य समुद्रात कुडकुडत असे.

इकडे हे चालले असता अटलांटिकवर निराळीच चढाओढ लागली होती. हँबुर्गच्या आल्बर्ट बालिन याने हिवाळ्यात रिकाम्या राहणाऱ्या ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ बोटीला 1891 च्या जानेवारीत केवळ विहारासाठी भूमध्य समुद्रात धाडले, आणि पोचण्याची घाई नसलेल्या प्रवासाचा धंदा उभा केला. 1905 च्या ‘अमेरिका’ बोटीवर त्याने हॉटेलांसाठी प्रसिद्ध असलेल्या रिट्झच्या नावाचे भोजनगृह आणले, आणि बोटीला बोटीचे स्वरूपच उरू द्यायचे नाही, असा दंडक रचनाकारांनी घालून घेतला. ‘टायटॅनिक’वर 1912 मध्ये खाजगी फिरतडेक असलेली दोन दालने होती, 1935 च्या ‘नॉर्मंडी’वर ‘दोव्हिल’ आणि ‘त्रुव्हिल’ या दालनांना स्वतंत्र भोजनगृह आणि सज्जा मिळाला. मात्र त्या बोटीची पिछाडी पहिल्या हंगामात इतकी थरथरली की तीन पात्यांचे पंखे काढून चार पात्यांचे बसवावे लागले. दिमाख कितीही असला तरी पंख्याशी शेजार तो शेजारच.

या दृष्टीने मला ‘पी. अँड ओ.’ची 1929 मधली ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ बोट अधिक शहाणी वाटते. पहिल्या वर्गात प्रत्येकाला स्वतंत्र खोली, आणि विजेच्या मोटारींवर चालणारे, म्हणून कंप फार कमी असलेले यंत्र. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. आंबेडकर 1930 च्या ऑक्टोबरात मुंबईहून निघाले ते याच बोटीने. पुढे 1984 मध्ये ‘पी. अँड ओ.’च्याच छत्राखालील ‘रॉयल प्रिन्सेस’वर एकही खोली आतल्या बाजूची ठेवली नाही, कित्येकींना सज्जे जोडले, आणि ज्या समुद्राचा रिट्झच्या काळात विसर पाडायचा होता तोच आता जादा आकार लावून विकला जाऊ लागला. जुन्या शहाणपणात एकच कलम नवे जोडावे लागेल: आपल्या खोलीच्या डोक्यावर पोहण्याचा तलाव किंवा पायाखाली नाचघर नाही ना, हे नकाशात पाहावे, पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज गालिच्यांनी थांबत नाही.

या सुखसोयींचा भार ज्यांनी वाहिला ते पुष्कळसे आपल्याच किनाऱ्याचे होते. डेकवरचे खलाशी आणि त्यांचे सारंग, टिंडेल यांत रत्नागिरीकडचे लोक असत. मेजावर वाढणारे, खोल्या झाडणारे बहुशः गोव्याचे ख्रिस्ती. नोकरीची वाट पाहत हे गोवेकर मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावच्या ‘कुडां’त उतरत, जेथे नाममात्र भाड्यात पेटी ठेवायला जागा मिळे आणि संध्याकाळच्या जपमाळेला हजर राहणे बंधनकारक असे. 1894 च्या कायद्याने ब्रिटिश खलाशाला बोटीवर 72 घनफूट जागा देणे भाग होते. हिंदी कायद्याने लष्कराला, म्हणजे हिंदी खलाशाला, 36 घनफूट पुरेशी मानली. प्रवासाच्या शेवटी बक्षिसी कोणास किती द्यावी, याचा दस्तूर माहीतगारांकडून विचारून घेत: खोलीचा गडी, मेजाचा गडी, न्हाणीघराचा गडी. भट्टीत कोळसा लोटणाऱ्याचे आणि खलाशांचे अन्न शिजवणाऱ्या भंडाऱ्याचे नाव त्या यादीत येत नसे. हल्ली पुष्कळ बोटींवर ही रक्कम दररोजच्या हिशेबाने बिलातच लावतात, तेव्हा कोणाला किती द्यावे हे विचारण्याची तसदीही उरलेली नाही.