कारागिराचे कसब आणि त्याची नोंद

कारागिराच्या कामाची नोंद कोणी ठेवायची, हा प्रश्न कामगार चळवळीला नवा नाही. संगणकाच्या इतिहासातही तो उभा आहे.

१९४६-४७ च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या इंजिनियरांनी एक युक्ती काढली. कसलेल्या कारागिराने पहिला नग स्वतः करायचा. यंत्राची प्रत्येक हालचाल चुंबकीय फितीवर उतरायची. पुढचे नग यंत्राने फीत वाचून आपोआप करायचे. ही पद्धत मागे पडली. १९५२ साली हवाई दलाच्या पैशावर मॅसॅच्युसेट्‌सच्या एमआयटी या संस्थेत दुसरेच यंत्र दाखवले गेले. त्याची फीत कारागिराच्या हातून नव्हे, तर गणित मांडून तयार होई. विमानाचे काही वाकडेतिकडे भाग हाताने साधत नसत, हे खरे. पण पहिल्या पद्धतीत कामाचा ताबा कामगाराकडे राहत होता, म्हणून ती मालकांना नकोशी झाली, असे इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या ग्रंथात मांडले. मला ते पटते.

आता गंमत पाहा. त्याच एमआयटीत, १९६३-६४ च्या सुमारास, लुई पुझँ हे फ्रेंच गृहस्थ प्रोग्रॅम लिहीत होते. एका संगणकावर अनेकजण टंकयंत्रावरून हुकूम देत. प्रोग्रॅम लिहा, यंत्राच्या भाषेत उतरवा, चालवून पाहा, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तेच हुकूम दिवसभर बडवायचे. पुझँ कंटाळले. त्यांनी ‘रनकॉम’ रचला. हुकूम ओळीने एका फाइलीत लिहावेत, बदलत्या नावांसाठी जागा मोकळी सोडावी, मग फाइलीचे नुसते नाव सांगताच संगणक सारे क्रमाने पार पाडी. येथे फीतही कारागिराची आणि ती पुन्हा वाजवण्याचा निर्णयही त्याचाच. वरून कोणी मागितली नव्हती.

पुढे युनिक्स प्रणालीत ‘स्क्रिप्ट’ हा हुकूम आला. तो पडद्यावर उमटलेले सारे टिपून ठेवतो. नंतर वेळही टिपता येऊ लागली. मग कोठे हात अडखळला, कोठे माणूस विचारात थांबला, तेही नोंद पुन्हा चालवताना जसेच्या तसे दिसते. टेलरसाहेबांच्या स्टॉपवॉचखाली राबलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको! ‘स्क्रिप्ट’ची नोंद मात्र काम करणाऱ्याने हुकूम दिल्यावरच सुरू होते आणि फाइल त्याच्याच कप्प्यात पडते. ‘सुडू’ या दुसऱ्या साधनातही अशीच वेळेसकट नोंद ठेवण्याची सोय आहे. ती चालू करणे व्यवस्थापकाच्या हाती असते.