भाकरीला वरणाची जोड
बिलोलीसह नांदेड जिल्ह्यात एकेकाळी खरिपाची शिवारे ज्वारीने भरलेली असत. २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष साजरे झाले. खरिपाचे शिवार मात्र सोयाबीनचेच राहिले आणि ताटात भाकरी मागे पडली.

शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने व ४ मिलिग्रॅम लोह असते. लायसिन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल तिच्यात कमी, तर तूर-मुगाच्या वरणात भरपूर असते. म्हणून वरणाशी खाल्लेली भाकरी अधिक कसाची ठरते. धान्यातील लोह सहज शोषले जात नाही. लिंबाची फोड त्याला मदत करते, जेवणासोबतचा चहा अडथळा आणतो. रक्तक्षय असलेल्यांनी चहा जेवणानंतर किमान तासाभराने घ्यावा.