रीसेटनंतर हाय

संध्याकाळी ६.०० : उरले दहा तास
चाचणीच्या टाकीत दहा लिटर पाणी, तापमान साठ अंशांवर स्थिर. हीटर २ किलोवॉटचा. त्याचा ताबा बीगलबोन ब्लॅककडे, मध्ये एक मॉसफेट आणि एसएसआर. वायरिंग सुटसुटीत व्हावं म्हणून गेटची वायर पी८ कनेक्टरच्या ११ नंबरवरून ७ नंबरवर घेतली जाते. दोन्ही पिना मोकळ्या, दोन्ही जीपीआयओ. कुणालाच त्यात वावगं दिसत नाही.

फरक आहे तो रीसेटमध्ये. या बोर्डावरच्या एएम३३५एक्स चिपमध्ये प्रत्येक पिनला स्वतःचं रजिस्टर असतं. खालचे तीन बिट पिनचं काम ठरवतात, चौथा पुल चालू की बंद ते, पाचवा वर ओढायचं की खाली ते. रीसेटनंतर ११ नंबरवर हेक्समध्ये २७ असतं, म्हणजे पुल-डाउन. ७ नंबरवर ३७, म्हणजे पुल-अप. एवढा एकच बिट वेगळा. मॉसफेटच्या गेटला करंट जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे हा कमजोर पुल-अपही तो चालू करतो. गेट ते ग्राउंड ४.७ किलोओहमचा रेझिस्टर असता तर पुल-अपचं काही चाललं नसतं. तो रेझिस्टर लावलेला नाही.

रात्री ८.३० : साडेसात तास
पिन लो करणारा पिनमक्सचा कोड एसपीएलमध्ये, म्हणजे रॉमनंतर लगेच चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, टाकला जातो, लिनक्सच्याच काय, यू-बूटच्याही आधी. स्कोपवर पिन क्षणभर हाय दिसते, लगेच लो. तेवढ्यात पाणी तापत नाही. काम नीटच झालंय. पण तपासलं गेलं ते फक्त सुरळीत झालेलं बूट. एसपीएल चाललाच नाही तर पिन खाली कोण ओढणार, हा प्रश्न त्या खोलीत विचारला जायला हवा होता.

११.०० : पाच तास
सगळे घरी. टाकीला स्वतंत्र थर्मल कटआउट नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच.

२.०० : दोन तास
अपडेट स्क्रिप्ट ईएमएमसीवर एसपीएलची नवी एमएलओ फाइल लिहू लागते, आणि वीज जाते. फाइल अर्धवट राहते.

२.०५
वीज येते. चिपमधला रॉम ईएमएमसी बघतो. चालेल असं काही सापडत नाही. एसडी कार्ड नाही. मग तो सीरियल पोर्टकडे वळतो, आणि कन्सोलवर एकामागून एक ‘सी’ उमटू लागतात : कुणीतरी प्रोग्राम पाठवा. एसपीएल मेमरीत आलेलाच नाही. पिन हाय, हीटर पूर्ण चालू. वॉचडॉगने रीसेट दिला तरी पिन पुन्हा तिथेच येते.

२.२०
पाणी उकळतं.

४.०० : शून्य
पाच लिटर वाफ होऊन गेलेलं. टाकीच्या मधोमध बसवलेली कॉइल उघडी पडते, लाल होते. फायबरची भिंत आधी मऊ पडते, मग पेटते.

४.३५
केबल वितळून शॉर्ट होते, एमसीबी पडतो. तोवर टेबल आणि मागचा पॅनेल जळून गेलेला असतो.